मोकळ्या जागेचा खेळाडू

इगोर लारिओनोव हा रशियन खेळाडू एनएचएल या अमेरिका-कॅनडाच्या आइस हॉकी लीगमध्ये ९२१ सामने खेळला. त्यात त्यानं स्वतः गोल केले १६९ आणि दुसऱ्यांना करून दिले ४७५. या खेळात गोलाच्या अगोदर पास देणाऱ्या दोघांपर्यंतची नोंद होते, म्हणून हा दुसरा आकडा आपल्यापर्यंत पोचतो तरी. क्रिकेटच्या धावफलकात समोरच्या टोकाला तासभर पाय रोवून जोडीदाराला रंगात येऊ देणाऱ्याच्या नावापुढे वेगळं काही लिहून येत नाही.

एका गोलामागे जवळजवळ तीन पास. चकती आपल्या काठीशी असताना तिचं काय करायचं, हा प्रश्न या माणसाला आयुष्यात हजारो वेळा पडला असेल आणि बहुतेक वेळा उत्तर आलं ते ‘देऊन टाकायची’ असं. यात औदार्य किती होतं कोण जाणे. मला वाटतं, त्याला देण्यापेक्षा पाहण्यात गोडी होती. आपला माणूस आत्ता कुठे आहे हे कुणालाही दिसतं. तो अजून जिथे पोचलेला नाही, पण पोचेल, ती रिकामी जागा लारिओनोवला आधी दिसायची. तो पास माणसाला देत नसे, त्या जागेला देत असे.

आमच्या नागपुरातल्या हुडकेश्वरच्या माणसाला बर्फ माहीत असतो तो रसवंतीवरच्या लादीचा, नाहीतर लग्नात सरबताच्या पिंपात तरंगणारा. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीस ओलांडतो. सिमेंटचे रस्ते रात्री दहापर्यंत ऊन ओकत असतात, सकाळी काठोकाठ भरलेली कूलरची टाकी दुपारी तळाला जाते, आणि ‘कूलरात पाणी टाकलं का?’ हे वाक्य घराघरात देवाच्या नावासारखं घेतलं जातं. अशा ठिकाणी बसून बर्फावरच्या खेळाचा नाद लागावा हे जरा वेडेपणाचंच. नाद लावला भाच्यानं. तो इथून शिकून मिशिगनला मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर झाला. डेट्रॉईटकडच्या हिवाळ्यात म्हणे माणसाला दोनच कामं असतात, दारातला बर्फ उपसणं आणि घरात बसून हॉकी पाहणं. त्यानं जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाठवायला सुरुवात केली.

पहिल्यांदा मला ओ की ठो कळेना. दोन्हीकडची सहा-सहा माणसं, त्यातला एकेक गोलकीपर, सगळे पायात पाती बांधून पिसाटल्यासारखे धावणारे. पाऊण मिनिटात दमतात, की कठड्यावरून उडी मारून बाहेर, नवे आत. खेळ थांबतही नाही. चकती म्हणजे इंचभर जाडीचा, तीन इंच व्यासाचा कडक रबराचा तुकडा, वजन साधारण १७० ग्रॅम. उसळू नये म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. टीव्हीवर ती दिसते न दिसते तोच गोल झालेला असतो.

“मामा, ते चकती पाहूच नका, सापडणार नाही ते तुम्हाला,” भाचा फोनवर म्हणाला. “आठ नंबरचा माणूस पाहा. तो कुठी पाहून राहिला, तेवढंच पाहा.”

पाहिलं. अंगापिंडानं किरकोळ माणूस. बर्फाबाहेर चष्मा लावतो, पुस्तकं वाचतो, बुद्धिबळ खेळतो, म्हणून सोबती त्याला ‘प्रोफेसर’ म्हणत. बाकीचे धावत असताना हा मध्येच वेग कमी करी, जणू काही आठवतोय. तेवढ्यात समोरचे दोघे त्याच्या अंगावर येत आणि ते जिथून आले ती जागा मागे रिकामी पडे. चकती तिथे निघून जाई. मग कुठून तरी त्याचा सोबती नेमका तिथे उगवे. मी ती चित्रफीत मागे नेऊन नेऊन पाहिली. सोबती उगवण्याच्या आधी लारिओनोवनं त्याच्याकडे एकदाही पाहिलेलं नव्हतं.

ही नजर आली कुठून? लारिओनोवचा जन्म ३ डिसेंबर १९६० चा, वोस्क्रेसेन्स्क या गावचा. मॉस्कोच्या आग्नेयेला असलेलं हे रासायनिक खतांच्या कारखान्याचं गाव. तिथल्या संघाचं नावही ‘खिमिक’, रसायन कामगारांचा संघ. निकोलाय एप्श्टाइन नावाच्या प्रशिक्षकानं या लहानशा गावात धसमुसळेपणापेक्षा डोक्यानं खेळणारी पोरं तयार केली. लारिओनोव तिथे मोठा झाला. घरात त्याच्या आजोबांची गोष्ट होती. स्टालिनच्या काळात त्यांनी श्रमछावणीत कित्येक वर्षं काढली होती. तोंडातून गेलेल्या शब्दाची काय किंमत पडते, हे त्या घरातल्या मुलाला कुणी वेगळं शिकवायची गरज नव्हती.

पण त्या नजरेचं मूळ त्याच्या गावाच्याही मागे जातं. कॅनडाच्या पद्धतीची हॉकी रशियात रीतसर सुरू झाली ती १९४६ च्या डिसेंबरात. त्याआधी तिथे बर्फावर खेळत ते बँडी. अकरा-अकराचे दोन संघ, हातात वाकडी काठी, एक चेंडू, आणि मैदान फुटबॉलच्या मैदानाएवढं. एवढ्या विस्तारात एकट्यानं चेंडू घेऊन धावत सुटणारा अर्ध्यात दमतो. तिथे पासावाचून गत्यंतर नाही. ती माणसं पुढे लहान मैदानावर आली तरी मोठ्या मैदानाची सवय डोळ्यांत घेऊन आली. अनातोली तारासोव या प्रशिक्षकानं त्या सवयीचं शास्त्र केलं. कॅनडावाल्यांची नक्कल करण्याऐवजी तो फुटबॉलकडे पाही, बॅलेकडे पाही. १९५४ साली स्टॉकहोमला सोव्हिएत संघ जागतिक स्पर्धेत पहिल्यांदाच उतरला आणि कॅनडाला ७–२ असं हरवून अजिंक्य ठरला. खेळ सुरू करून आठ वर्षंही झाली नव्हती.

लारिओनोवच्या वाट्याला तारासोवची विद्या आली, तारासोव आला नाही. १९८१ साली त्याला मॉस्कोच्या सीएसकेए या लष्कराच्या संघात घेतलं. घेतलं म्हणजे काय, तरण्या पोरांना लष्करी सेवा सक्तीची होती, आणि देशातला चांगला हॉकीपटू त्या सेवेच्या वाटेनं आपसूक लष्कराच्या संघात यायचा. तिथे प्रमुख होता व्हिक्टर तिखोनोव. त्यानं पाच जणांची एक तुकडी केली. पुढे व्लादिमीर क्रुतोव, लारिओनोव, सर्गेई माकारोव. मागे व्याचेस्लाव फेतिसोव आणि अलेक्सेई कासातोनोव. सरावात हे पाच जण हिरवे सदरे घालत, म्हणून ‘हिरवी तुकडी’. त्याच वर्षी माँट्रियलला कॅनडा कपच्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघानं कॅनडाला त्यांच्याच घरात ८–१ असं धुतलं. पुढे १९८४ चं साराजेवो आणि १९८८ चं कॅल्गरी, दोन्ही हिवाळी ऑलिम्पिकांत सुवर्ण.

त्या पाच जणांचा खेळ पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. चकती घेऊन ते पुढे आले आणि रस्ता दिसला नाही, तर सरळ मागे फिरत. कॅनडाची रीत वेगळी. चकती समोरच्या कोपऱ्यात फेकायची आणि जो आधी पोचेल त्यानं धक्काबुक्की करून ती मिळवायची. हे पाच जण फेकत नसत. मागे जात, गोल फिरत, आपापसांत जागा बदलत, समोरच्यांना ओढून घेत. मग कुठे तरी एक फट पडे. फट पडेपर्यंत थांबण्याची त्यांची तयारी असे.

थांबायला मात्र जागा लागते, आणि इथे मला आमच्या वस्तीची आठवण येते.

म्हाळगी नगर चौकातून हुडकेश्वर रोडला लागलं, की पूर्वी दोन्ही बाजूंना शेतं होती. आता लेआऊट आहेत. शेताचे प्लॉट पडले, सुधार प्रन्यासचं आरएल, म्हणजे रिलीज लेटर, मिळालं की भाव वाढले, गाव महानगरपालिकेत आलं. प्लॉट घेणारा लगेच बांधतोच असं नाही. मुलगा पुण्याला असतो, नाहीतर निवृत्तीची वाट पाहायची असते. मग त्या प्लॉटवर एक पत्र्याची पाटी उभी राहते, ‘ही जागा विकणे नाही’, खाली फोन नंबर. भोवती तारेचं कुंपण, तेही दोन पावसाळ्यांत वाकतं. त्या वाकलेल्या तारेतून आमच्या लेआऊटची पोट्टी क्रिकेट शिकली, पतंग उडवायला शिकली, सायकलवरून पडली. पाटी हा त्यांचा स्टंप. काळ्या मातीच्या ढेकळात चेंडू कुठे वळेल सांगता येत नाही, त्यामुळे आमच्याकडच्या पोरांचा बचाव पक्का.

मग एक दिवस बोअरवेलची गाडी येते. रात्रभर घरघर चालते. दुसऱ्या दिवशी गिट्टी आणि रेती पडते, सळाखा येतात, आणि पोट्टी किट उचलून पुढच्या प्लॉटवर जातात. कुणी रडत नाही, तक्रार करत नाही. ज्याची जागा त्यानं घर बांधायचंच. पण गेल्या काही वर्षांत पुढचा प्लॉट सापडायला वेळ लागू लागला आहे. लेआऊटच्या नकाशात मैदान म्हणून सोडलेला एक तुकडा असतो, त्यावरही आधी ओटा होतो, मग देऊळ, मग मंडप, मग त्याला कुलूप. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. मोकळी जागा पाहिली की आपल्याला ती वाया चालली आहे असंच वाटतं. तिथे काहीतरी करायला हवं, असं प्रत्येक भल्या माणसाला वाटतं.

तिखोनोवलाही तसंच वाटे. खेळाडूच्या दिवसात रिकामा तास दिसला, की तो भरायचा. मॉस्कोबाहेर अर्खांगेल्स्कोयेला संघाचा तळ होता. वर्षातले दहा-अकरा महिने खेळाडू तिथे राहत. बायको-पोरं वीस-पंचवीस किलोमीटरवर, पण घरी जायचं ते परवानगीनं. सकाळी सराव, दुपारी सराव, रात्री झोपण्याची वेळ ठरलेली. लारिओनोवची पत्नी येलेना फिगर स्केटिंगमधली. दोघंही बर्फावर वाढलेली, आणि दोघांमध्ये हा तळ. परदेशात सामन्याला जायचं तर विमानातून उतरल्यापासून पुन्हा चढेपर्यंत पहारा. जगातला सर्वांत मोकळा खेळ खेळणारी ही माणसं स्वतः अशी कोंडलेली होती.

आणि इथे माझ्या मनात एक नको असलेला प्रश्न येतो. पाच माणसं अकरा महिने एका छपराखाली ठेवली, म्हणूनच तर ती एकमेकांकडे न पाहता पास देऊ लागली नसतील? मला मोहवणारी ती रिकामी जागा त्या कोंडवाड्याचंच पीक नसेल? सक्तीतून आलेलं सौंदर्य म्हणून ते नाकारायचं, की सौंदर्यासाठी सक्ती गोड मानायची? तिखोनोवच्या बाजूनं बोलणारे आजही हेच सांगतात, की पदकं पाहा. आपल्याकडेही दहावी-बारावीच्या मुलांना शिकवणीत कोंडणारे वडील निकालाचा कागद पुढे करतातच. या प्रश्नाचं उत्तर मला बराच काळ सापडलं नव्हतं. ते लारिओनोवच्या पुढच्या आयुष्यात आहे.

१९८८ च्या ऑक्टोबरात ‘ओगोन्योक’ या साप्ताहिकात त्याचं एक उघड पत्र छापून आलं. पत्र तिखोनोवला उद्देशून होतं. कोंडून ठेवणं, हुकूमशाही, माणसाला यंत्र समजणं, सगळं त्यात नावानिशी होतं. गोर्बाचेव्ह यांच्या मोकळीकीचे ते दिवस होते, तरी सैन्याच्या संघातल्या माणसानं आपल्या प्रमुखाला छापील पत्र लिहावं हे अजून कुणी केलं नव्हतं. १९८९ च्या जानेवारीत फेतिसोवनं जाहीर केलं, की तिखोनोवच्या हाताखाली मी खेळणार नाही. त्याला अमेरिकेत जायची परवानगी कबूल करून नाकारली होती. त्याचा सराव बंद झाला, लोक त्याला टाळू लागले. मग त्याचे सोबती दूरचित्रवाणीवर आले आणि म्हणाले, तो संघात नसेल तर जागतिक स्पर्धेला आम्हीही नाही. फेतिसोवला परत घ्यावं लागलं. स्टॉकहोमला त्यांनी सुवर्ण जिंकलं, आणि त्याच उन्हाळ्यात दारं उघडली.

हे वाचताना मला आपला धनराज पिल्ले आठवतो. त्याची हॉकी मैदानावरची, माती-चिखलात सुरू झालेली. पुण्याजवळ खडकीला दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत हा मुलगा भावांसोबत मोडक्या स्टिका दोरीनं बांधून खेळला आणि चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा इथपर्यंत पोचला. १९९८ साली बँकॉकला त्याच्या नेतृत्वाखाली भारतानं आशियाई सुवर्ण जिंकलं. १९६६ नंतर बत्तीस वर्षांनी. परत आल्यावर झालं काय, तर धनराज आणि आणखी सहा जण पुढच्या संघातून बाहेर. विश्रांती दिली, असं महासंघाचं म्हणणं. खेळाडूंच्या भत्त्याबद्दल तो बोलला त्याची ही किंमत, असं लोकांचं म्हणणं. लारिओनोवचा देश वेगळा, व्यवस्था वेगळी. तिथे सैन्य होतं, इथे कमिटी. पण चांगला खेळाडू गप्प असावा ही अपेक्षा दोन्हीकडे सारखी. ज्याला मैदानावर फट दिसते त्याला मैदानाबाहेरची फटही दिसणारच, हे निवडणाऱ्यांना मात्र कधी सुचत नाही.

१९८९ मध्ये लारिओनोव आणि क्रुतोव कॅनडात व्हँकुव्हरला गेले, माकारोव कॅल्गरीला, फेतिसोव न्यू जर्सीला. तिकडे बर्फाचं मैदान अरुंद. युरोपातलं साठ मीटर लांब आणि तीस रुंद, एनएचएलचं रुंदीला सव्वीस. चार मीटर म्हणजे आमच्या गल्लीएवढी जागा एकदम कमी झाली. शिवाय समोरचा खेळाडू आधी अंगावर येणार, मग चकतीकडे पाहणार. तिशीला टेकलेल्या माणसानं ही नवी तऱ्हा अंगवळणी पाडायची. एकतीस वर्षांच्या माकारोवला तिथे सर्वोत्तम नवोदिताचं बक्षीस मिळालं, तेव्हा लीगवाल्यांनी डोक्याला हात लावला आणि त्या बक्षिसाला सव्वीस वर्षांची वयोमर्यादा घातली. क्रुतोवचं मात्र बस्तान बसलं नाही. तो बैलासारख्या ताकदीचा खेळाडू, पण परक्या मुलखात तो खचला, वजन वाढलं, एका हंगामातच त्यानं व्हँकुव्हर सोडलं. २०१२ साली तो गेला. मोकळं झालेल्या प्रत्येकाला मोकळीक मानवते असं नाही, हेही या गोष्टीत आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

लारिओनोवला मानवली, पण त्यानं ती तपासून घेतली. त्याच्या पगारातला मोठा वाटा ‘सोविंतरस्पोर्ट’ ही सरकारी संस्था घेत होती. १९९२ साली तो व्हँकुव्हर सोडून वर्षभर स्वित्झर्लंडला लुगानोत जाऊन खेळला. त्या संस्थेला आता आणखी काही मिळू द्यायचं नाही, हा त्यामागचा हिशेब. त्याआधी १९९१ मध्ये पावेल बुरे नावाचा वीस वर्षांचा विजेच्या वेगाचा मुलगा रशियातून व्हँकुव्हरला आला, तेव्हा सुरुवातीला तो लारिओनोवच्याच घरी राहिला. मला वाटतं, ‘ओगोन्योक’मधलं पत्र हाही त्याचा एक पासच होता. १९८८ मध्ये त्यानं तो जिथे टाकला तिथे कुणी उभं नव्हतं. फेतिसोव तिथे पोचला, मग माकारोव, क्रुतोव, मग बुरे, मग एक अख्खी पिढी.

१९९३ मध्ये तो सॅन होजेला आला. आदल्या हंगामात या संघानं ८४ पैकी ७१ सामने गमावले होते. लारिओनोव आणि माकारोव पुन्हा एकत्र आले आणि त्या वर्षी या दुबळ्या संघानं बाद फेरीत बलाढ्य डेट्रॉईटला घरी पाठवलं. डेट्रॉईटचा प्रशिक्षक स्कॉटी बोमन हे विसरला नाही. १९९५ च्या ऑक्टोबरात त्यानं लारिओनोवला आपल्याकडे ओढलं आणि तिसऱ्याच दिवशी, २७ ऑक्टोबरला, पाच रशियनांना एकत्र बर्फावर उतरवलं. फेतिसोव सदतीस वर्षांचा, लारिओनोव चौतीसचा, व्लादिमीर कॉन्स्तान्तिनोव, सर्गेई फेदोरोव, आणि सगळ्यांत धाकटा तेवीस वर्षांचा व्याचेस्लाव कोझलोव, तोही वोस्क्रेसेन्स्कचाच.

माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. हे पाच जण एका तळावर राहत नव्हते. प्रत्येकाचं घर होतं, दारात गाडी होती, संध्याकाळी कुणी मुलांना शाळेतून आणायला जाई. वयात चौदा वर्षांचं अंतर. आणि तरी पहिल्याच सामन्यात ते तसेच खेळले. मागे फिरणं, जागा बदलणं, न पाहता देणं, सगळं तसंच. पाचही जण कधी ना कधी त्या लष्करी संघातून गेलेले होते हे खरं, आणि तालमीचं श्रेय तालमीला द्यायलाच हवं. पण कोंडवाडा काढून टाकला तरी खेळ गेला नाही. उलट लारिओनोव अशा वयात बहरला, ज्या वयात कोंडलेले खेळाडू गळून पडतात. तालीम माणसाला घडवते. कुलूप घडवत नाही. ते तालमीच्या शेजारी लटकत असतं म्हणून आपण श्रेय त्यालाही वाटून देतो, एवढंच.

१९९७ च्या जूनमध्ये डेट्रॉईटनं बेचाळीस वर्षांनी स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलच्या विजेत्याचा चषक, जिंकला. फेतिसोव आणि लारिओनोव या दोघांनी तो जड चषक मिळून धरला आणि बर्फावर फेरी मारली. भाच्यानं पाठवलेल्या चित्रफितींत ही मी पुन्हापुन्हा पाहतो. एकेकट्यानं मिरवायची वस्तू दोघांनी धरलेली. सहाच दिवसांनी संघातल्या काही जणांच्या गाडीला अपघात झाला. कॉन्स्तान्तिनोवच्या डोक्याला जबर मार बसला, त्याचा खेळ कायमचा संपला. संघाचा मालिशवाला सर्गेई म्नात्साकानोव अंथरुणाला खिळला. पुढच्या वर्षी संघानं पुन्हा कप जिंकला, तेव्हा सोबत्यांनी कॉन्स्तान्तिनोवची चाकाची खुर्ची बर्फावर आणली आणि चषक त्याच्या मांडीवर ठेवला.

लारिओनोवचा मला सर्वांत आवडणारा क्षण मात्र पासाचा नाही, गोलाचा आहे. ८ जून २००२, रॅली शहर, अंतिम फेरीतला तिसरा सामना कॅरोलायनाशी. साठ मिनिटं संपून बरोबरी. मग जादा वेळ, पुन्हा जादा वेळ, तिसऱ्यांदा जादा वेळ. दोन सामन्यांएवढा खेळ जवळजवळ होत आलेला, सगळ्यांचे पाय शिशाचे झालेले. लारिओनोव एक्केचाळीस वर्षांचा. चकती त्याच्याकडे आली आणि तो गोलाकडे वळला. समोरच्या खेळाडूनं फटका अडवायला बर्फावर अंग झोकून दिलं. लारिओनोवनं फटका मारलाच नाही. तो थांबला. झोकून दिलेलं अंग घसरत पुढे निघून गेलं आणि जिथे माणूस होता तिथे जागा झाली. मग त्यानं उलट्या हातानं चकती अलगद उचलून जाळ्याच्या वरच्या भागात टाकली. गोलकीपर होता आर्तुर्स इर्बे, एके काळचा त्याचा सॅन होजेतला सोबती. अंतिम फेरीत गोल करणारा सर्वांत वयस्क खेळाडू म्हणून त्या रात्री लारिओनोवचं नाव लागलं. डेट्रॉईटनं जिंकलेला तो कप त्याचा तिसरा. २००४ मध्ये तो थांबला आणि २००८ मध्ये टोरंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये गेला.

त्या क्षणात ताकद नाही, वेगही नाही. घाई न करणं आहे, फक्त. सगळे घाईत असताना जो अर्धा सेकंद रिकामा ठेवतो, त्याच्यासाठी वाट होते. चाळिशी उलटलेल्या माझ्यासारख्याला यात थोडा धीर वाटतो हे नाकारत नाही.

आमच्या रस्त्याचं सिमेंटीकरण झाल्यापासून संध्याकाळी मुलं तिथे रोलर स्केट्स घालून फिरतात. पायात चाकं, गुडघ्याला पॅड, आणि हल्ली दोघा-तिघांच्या हातात प्लास्टिकच्या काठ्या. लेहची सहल करून आलेल्या कुणी तरी लडाखच्या गोठलेल्या तलावावरची हॉकी दाखवली असावी. त्यात एक मुलगी आहे, सहावी-सातवीतली. ती टेनिसचा चेंडू दुसऱ्याच्या पायाशी देत नाही, त्याच्या पुढे देते. तो पोचत नाही. चेंडू नालीत जातो. “काऊन वं, नीट दे ना! मी इकडं उभा आहो!” असा ओरडा होतो. ती म्हणते, “उभा काऊन राहते? धाव ना!” भांडण दहा मिनिटं चालतं. तेवढ्यात दुधाची गाडी येते, सगळी बाजूला होतात, गाडी गेली की पुन्हा तेच.

आमच्या लेआऊटमध्ये नकाशातला मैदानाचा तुकडा अजून शिल्लक आहे. त्यावर सध्या गाजरगवत आहे आणि कुणाच्या तरी बांधकामातून उरलेल्या विटा. पुढच्या बैठकीत त्याचं काय करायचं हा विषय आहे. एक गट सभागृह म्हणतो, एक ओपन जिम, एक ज्येष्ठांसाठी पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक. सगळेच प्रस्ताव चांगले आहेत आणि सगळ्यांना वर्गणी द्यायची माझी तयारी आहे. फक्त ते दुसरीकडे करा, असं मी म्हणणार आहे. विटा उचला, गवत काढा, मुरूम टाकून सपाट करा, आणि मग तिथे काहीही करू नका. कुणी कारण विचारलंच, तर तिथे लारिओनोवचं नाव घेऊन उपयोग नाही, लोक माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहतील. मुलांना खेळायला जागा लागते, एवढंच सांगेन. बैठकीत तेवढं कारण पुरायला हवं, आणि नाही पुरलं तर एक उघड पत्र मलाही लिहिता येईल.